आखूड सेंटीमीटर

आमच्या घराचा पुढचा खण म्हणजे अब्बांचं दुकान. धानोऱ्यात बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कवेलूंचं घर, पुढे दोन मशिनी, मागे आम्ही. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर मशीनचा पाय पडायचा. गावात सगळे अब्बांना 'मास्टर' म्हणत. शाळेतल्या मास्तरांनासुद्धा कोणी इतक्या अदबीनं मास्टर म्हणत नसेल. अम्मी आत चुलीपाशी बसून काजं-बटणं करायची, एका डोळ्यानं भाताकडे बघत. पावसाळ्यात बाजारात वास्ते यायचे, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. ते बारीक चिरून, उकळून, झिंगे घालून ती भाजी करायची आणि सगळ्या कापडांना तो वास लागायचा. गिऱ्हाईक पोलकं नाकाशी नेऊन हसत विचारायचं, "आज वास्ते होते का गा मास्टर?" अब्बा तोंडातली टाचणी काढून म्हणायचे, "बसा नं मग, जेवून जा." आणि माणूस खरंच जेवून जायचा.

घरी आमची भाषा म्हणजे हिंदी आणि झाडीबोलीची खिचडी. अम्मीशी हिंदी जास्त, अब्बांशी मराठी जास्त, कारण अब्बांचा दिवसच गिऱ्हाइकांशी बोलण्यात जायचा. अब्बा तसे नरम माणूस. शिवलेलं न्यायला कोणी महिनाभर आलं नाही तरी आवाज चढवायचे नाहीत. पण मापाच्या बाबतीत ते निर्दय होते. कापडी टेप वापरून वापरून ताणते, हे किती शिंप्यांना ठाऊक असतं मला माहीत नाही. अब्बा दर ईदच्या आधी आपली टेप लोखंडी पट्टीवर ठेवून बघायचे आणि एक रेघ जरी सरकलेली दिसली तर तिथल्या तिथे कात्रीनं तुकडे करून टाकायचे. अख्खी टेप कचऱ्यात गेली तर कोणी उचलून वापरेल, ही भीती. एकदा मी शाळेच्या उंच उडीसाठी तसली टाकायला काढलेली टेप मागितली होती. "नाई," ते म्हणाले. "खोटं माप घरातून बाहेर जाणार नाई."

बारावीनंतर मी गडचिरोलीला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. रोज एसटीनं जाणं-येणं, डब्यात भात आणि जवसाची चटणी. कोर्स संपला आणि गावातच नोकरी लागली. कुपोषित लेकरांसाठी काम करणारी बाहेरची एक संस्था धानोऱ्यात आली होती. बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर तिचं ऑफिस. मी तिचं नाव इथे लिहीत नाही. ती आता आमच्या भागात नाही आणि जिथे असेल तिथे स्वतःचं नाव स्वतः लिहायला ती समर्थ आहे. तिचे एक प्रमुख होते, त्यांना आम्ही सर म्हणायचो. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची सवय. मी एकोणीस वर्षांची. माझ्यासमोर एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि वीज गेली की चिमणीसारखा चिवचिवणारा बॅटरीचा एक डबा. दुनिया जिंकल्यासारखं वाटायचं.

माझं काम म्हणजे गावोगावच्या बायकांनी भरून आणलेले फॉर्म शीटमध्ये चढवणं. संस्थेनं गावातल्याच एकेका बाईला या कामासाठी नेमलं होतं. लेकराच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळायची. लाल, पिवळा, हिरवा असे तिच्यावर तीन रंग. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत दंड असला तर लाल, म्हणजे लेकराचा जीव धोक्यात, ताबडतोब दवाखान्यात न्यायचं. त्याच्यावर साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. वजनकाटा जंगलातल्या गावात खांद्यावरून न्यावा लागतो. पट्टी पदराच्या गाठीत मावते. ज्यानं कोणी ही युक्ती काढली त्याचे उपकारच आहेत.

त्या पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या पट्ट्या फाटल्या होत्या आणि नव्या येत नव्हत्या. सर म्हणाले, "नसीम, तूच काढ की कॉम्प्युटरवर. गावांची यादी तुझ्या शीटमध्ये आहेच. प्रत्येक पट्टीवर गावाचं नाव आपोआप येईल." मला चित्र काढायचा दुसरा कुठला प्रोग्राम येत नव्हता, ऑफिसात नव्हताही. मी त्याच शीटवर चौकोन काढायला बसले. एक लाल, एक पिवळा, एक हिरवा, खाली सेंटीमीटरच्या रेघा, टोकाला पट्टी ओवायची खाच आणि खाचेपाशी माप दाखवणारा बाण.

पडद्यावर फार सुंदर दिसलं. कागदावर आलं आणि सगळं बिघडलं. खाच दाखवायला मी एक गोल काढला होता, तो कागदावर अंड्यासारखा आला. रेघा शीटमधल्या चौकटींच्या, म्हणजे घरांच्या, कडांना चिकटवून काढल्या होत्या, त्या दहाच्या जागी पावणेदहा भरल्या. मी घर रुंद केलं की त्याच्यावरचा चौकोन आपोआप रुंद व्हायचा. प्रिंटर बदलला की घरंच बदलायची. मला वाटलं मीच ढ आहे. दोन दिवस मी जेवायला घरी जायची ती हातात कागदाची भेंडोळी घेऊनच. अब्बा मशीन थांबवून कागदावर टेप ठेवायचे, मान हलवायचे. "अजून दोन रेघा कमी." दुसऱ्या दिवशी "आता एक रेघ जास्त." त्यांना कॉम्प्युटर कळत नव्हता, पण कोडं कळत होतं. शेवटी तेच म्हणाले, "बेटा, तू डोळ्यानं कापून राह्यली. टीव्हीवर दिसते ते माप नसते. आकडा टाकता येते का त्याच्यात?"

येत होता. चौकोनावर उजवं बटण दाबलं की आत एक खिडकी उघडायची, तिथे लांबी सेंटीमीटरमध्ये लिहिता यायची. आणखी आत शोधल्यावर सापडलं की घर हललं तरी आकार हलू नये, असं बजावूनही ठेवता येतं. मी प्रत्येक चौकोन, प्रत्येक रेघ आकडा टाकून नव्यानं बसवली. पट्टी कागदावर आहे त्याच मापात निघावी म्हणून छपाईच्या खिडकीत शंभर टक्के असल्याची खात्री केली. दुपारी उन्हातून पळत घरी गेले. अब्बांनी टेप ठेवली, मग आतून लोखंडी पट्टी आणून ठेवली. दहाला दहा. वीसला वीस. अब्बा अम्मीला हाक मारून म्हणाले, "सुनती हो, लडकी दर्जी हो गई." माझ्या सगळ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रमाणपत्र. नंतरची कागदावरची होती.

इथेच थांबायला हवं होतं. सर नागपूरला जाऊन आले आणि येताना संस्थेचं नवं बोधचिन्ह घेऊन आले. सूर्य, त्याच्या पुढे हात, हातात रोप, खाली एक वाक्य. "हे पट्टीच्या टोकाला टाक. चांगलं मोठं. पाहुणे फोटो काढतात तेव्हा दिसलं पाहिजे." मी टाकलं. पट्टी कागदाच्या बाहेर गेली. अर्धा सूर्य पहिल्या पानावर, अर्धा दुसऱ्या. मी म्हटलं, "सर, लहान करू का चिन्ह?" ते माझ्या खुर्चीच्या मागून वाकले, माउस माझ्या हाताखालून घेतला, छपाईच्या खिडकीत गेले आणि एका पानात बसवा अशा अर्थाच्या जागी टिचकी मारली. सूर्य पूर्ण आला. "झालं. इतकं सोपं असतं ते," म्हणाले.

कागद बाहेर आला तो मी पाहिला. रंग नीट, रेघा नीट, आकडे नीट, गोल गोलच. वेडीवाकडी गोष्ट डोळ्याला दिसते. सगळंच सारखं आखूड झालं तर दिसत नाही. टेप घरी होती, घर पाच मिनिटांवर होतं. फाइल त्याच दुपारी चंद्रपूरच्या छापखान्यात जायची होती आणि सरांनी समोर एक कागद ठेवला होता. 'नमुना तपासला', त्याच्याखाली माझी सही. मी सही केली. हे मी लपवत नाही. या प्रकरणात मला पुष्कळ लोकांचा राग यायचा आहे, तेव्हा आधी माझी ती पाच मिनिटं सांगून टाकते.

पट्ट्या आल्या. जाड कागद, वरून चकचकीत प्लास्टिक. गावोगाव गेल्या. पहिल्या महिन्यात फॉर्म येऊ लागले आणि शीटमधली लाल घरं पिवळी व्हायला लागली, पिवळी हिरवी. मी रोज चढवायची आणि खरं सांगते, मला आनंद व्हायचा. वाटायचं, आपण काढलेली पट्टी शुभ निघाली. सरांनी पेढे आणले. शीटवरून त्यांनी माझ्याकडून एक आलेख काढून घेतला, त्यात लाल खांब एकदम बुटका झालेला. तो अहवालात गेला, अहवाल देणगी देणाऱ्यांकडे गेला. कोणीतरी मोठं माणूस फोनवर सरांचं अभिनंदन करत होतं आणि सर खिडकीबाहेर बघत म्हणत होते, "टीमचं काम आहे." ती टीम म्हणजे मी असं समजून मी लाजले होते!

असा दीड महिना गेला. मग एका बाजाराच्या दिवशी ताराबाई आमच्या दुकानात आल्या. ताराबाई जंगलातल्या एका गावातल्या गोंड बाई. तिथलं पट्टीचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून मी त्यांना ऑफिसात नेहमी बघायची. पाटीभर वास्ते विकून त्यांनी नातीसाठी छिटाचं कापड घेतलं होतं. डोक्यावर रिकामी पाटी, खांद्यावर नात. दसरी तिचं नाव. अडीच-तीन वर्षांची असेल, डोळे मोठे, केस पिंगट, कोणाकडे बघून हसत नव्हती.

"मास्टरभाऊ, फ्राक शिवून द्या. बाही ठेवजा, थंडीच्या कामी येईन."

अब्बांनी तिला फळीवर उभं केलं, खांदा मापला, छाती मापली. बाहीसाठी दंडाभोवती टेप गुंडाळली आणि थांबले. परत गुंडाळली. मी मागच्या खणात डाळ निवडत होते. मशीन थांबलेली आणि गिऱ्हाइकाशी बोलणंही थांबलेलं, म्हणून मी मान वर केली.

"साडेचार," अब्बा म्हणाले. "ताराबाई, हे लेकरू बिमार हाय का?"

"काय सांगू भाऊ. खात नाई. पेज पेते थोडी. पण पट्टीत बरी हाय."

"कोणत्या पट्टीत?"

ताराबाईंनी पदराची गाठ सोडली. माझी पट्टी. टोकाला सूर्य, हात, रोप. त्यांनी ती सराईतपणे दसरीच्या दंडाला गुंडाळली, खाचेतून ओढली. बाण हिरव्यावर. जेमतेम, पण हिरव्यावरच.

अब्बांनी टेप उलटी केली. एका बाजूला इंच असतात, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. "नसीम," त्यांनी हाक मारली. आवाज नेहमीचाच होता. "इकडे ये. साडेअकराच्या आत काय असते म्हणत होतीस तू?"

"लाल."

"हे पाय."

टेप साडेअकराच्या आत होती, एक रेघ आत. मग त्यांनी माझी पट्टी फळीवर सरळ पसरली आणि शेजारी लोखंडी पट्टी ठेवली. माझ्या दहाच्या समोर लोखंडाचे नऊ होते. माझ्या वीसच्या समोर अठरा. दसरी फळीवर उभी होती आणि टेपचं टोक तोंडात घालायला बघत होती.

ताराबाईंना समजायला वेळ लागला नाही. त्यांना आकडे फारसे येत नव्हते, पण नऊ आणि दहा येत होते. "मी म्हनलं होतं," त्या हळू म्हणाल्या. "मी त्या तुह्या सरले म्हनलं, लेकरं तसेच दिसून राह्यले जी, जशे होते तशेच, मंग हिरवं काऊन येते? तो म्हने, बाई, पट्टी कॉम्प्युटरची हाय, तुमचा डोळा चुकते." त्यांनी नातीला खाली घेतलं. "माहा डोळा चुकते!"

मला आजही तो शब्द ऐकला की कानशिलं तापतात. चाळीस वर्षं लेकरं हातावर वाढवलेली बाई सांगते की लेकरू वाळलंय, आणि तिला सांगितलं जातं की तुझा डोळा चुकतो. का, तर सूर्य अर्धा कापला जात होता! एक चिन्ह पानात मावावं म्हणून त्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटीमीटर आखूड केला गेला आणि आमच्या जंगलातली लेकरं एका टिचकीसरशी सुदृढ झाली.

अब्बांनी दुकान उघडं टाकून ताराबाईंना आणि दसरीला दवाखान्यात पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याबरोबर ऑफिसात आले. मी नको म्हणत होते. त्यांनी टोपी घातली, लोखंडी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या पुढे चालू लागले. आधी मी फाइल उघडली, छपाईची खिडकी उघडली. कोपऱ्यातल्या इवल्याशा चौकटीत शंभरच्या जागी नव्वद लिहिलेलं होतं. इतके दिवस ते तिथे होतं. लपवलेलंही नव्हतं कोणी.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. खांद्यावरून पलीकडे बघत. मग म्हणाले, "बरं. पुढच्या छपाईत दुरुस्त करू."

"पुढची छपाई कधी, सर?"

"वर्षभरानं. नवीन निधी आला की."

"सर, तोवर या पट्ट्या गावात राहतील. लाल लेकरं हिरवी दिसतील."

"नसीम, अहवाल गेलाय. आता पट्ट्या परत मागवल्या तर लोकांचा विश्वास उडेल. एवढं उभं केलेलं काम कोसळेल. एका सेंटीमीटरनं काही आभाळ कोसळत नाही."

अब्बा तोवर उभेच होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्र सोडलं आणि लोखंडी पट्टी टेबलावर, सरांच्या कागदांवर ठेवली. "साहेब, मी शिकलेला नाई. तुमची पट्टी आन हे लोखंड शेजारी ठेवून तुमीच पाहून घ्या. एकच डाव."

सरांनी पाहिलं नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "शिंप्याच्या टेपवरून तू संस्थेचं माप चुकीचं ठरवणार? आणि नमुना तपासला म्हणून सही कोणाची आहे, आठवतं ना?"

मला रडू आलं. रागाचं. अब्बांनी लोखंडी पट्टी उचलून परत कागदात गुंडाळली, नीट, घाई न करता. म्हणाले, "सही माह्या पोरीची हाय, साहेब. म्हणूनच दुरुस्त बी तिलेच करा लागन." आणि मला खुणेनं चल म्हणाले.

जिन्यावर मला वाटलं ते मला रागावतील. पाच मिनिटांच्या अंतरावर टेप होती हे त्यांना ठाऊक होतं. ते रागावले नाहीत. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "परत काढता येईन?" मी म्हटलं येईल. "सूर्य नको टाकू," ते म्हणाले.

बाजारात एका ओळखीच्या बाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे कॉम्प्युटर होता. मी कोऱ्या शीटवर पुन्हा आकडे टाकून पट्टी काढली, पाठच झाली होती. शंभर टक्के. वर फक्त गावाचं नाव. निघणारा एकेक कागद अब्बा टेपवर धरत होते, कारण मध्येच कागद ओढताना प्रिंटर एखादा कागद कमी-जास्त करतो हेही आम्हाला तिथेच कळलं. दोन कागद त्यांनी बाद केले. प्लास्टिक चढवल्यावर कापायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपली मोठी कात्री काढली. ज्या कात्रीनं आम्ही साधा कागद कापला तर घरात दोन दिवस बोलणी बसायची, ती कात्री. अम्मी बघत राहिली. "धार जाएगी," एवढंच म्हणाली. "जाऊ दे," अब्बा म्हणाले आणि कापत राहिले. खरोखरच गेली धार. पुढे कितीतरी दिवस पोलक्यांच्या कडा दातरलेल्या निघत होत्या.

पुढच्या बाजाराला ताराबाईंनी निरोप फिरवला. पाटी घेऊन आलेल्या बायका एकेक करून आमच्या दुकानात आल्या, जुनी पट्टी फळीवर टाकली, नवी पदरात बांधली. प्रत्येकीला अब्बा दोन्ही पट्ट्या लोखंडाशेजारी ठेवून दाखवायचे, एकदाही न कंटाळता. कोणी शिव्या दिल्या. कोणी नुसती बघत राहिली. पोंभुर्ण्याकडून लग्न होऊन आलेली एक तरुण बाई फळीवरच बसली आणि म्हणाली, "माह्या गावात चार लेकरं हाय अशे. मी त्याईच्या मायांले सांगतलं, बरे झाले म्हणून. आता कोणत्या तोंडानं जाऊ?" अम्मीनं आतून येऊन तिला पाणी दिलं.

आठवड्याभरात सरांना कळलं. उद्यापासून यायची गरज नाही, असं त्यांनी मला सांगितलं, तेही दुसऱ्या कोणाच्या तोंडून. मी जाऊन माझा डबा आणि रुमाल घेऊन आले. कॉम्प्युटरवर अजून तो आलेख उघडा होता. बुटका लाल खांब. गावांतून खरे आकडे आले तेव्हा तो खांब किती वाढला, ते चढवायला मी तिथे नव्हते. कोणी चढवले की नाही, मला माहीत नाही. मी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन मोठ्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी निदान बसवून ऐकलं आणि आमच्या पट्ट्या स्वतः मोजून आपल्या नर्सबाईंकडे दिल्या. संस्थेला कोणी जाब विचारला नाही. उलट पुढच्या वर्षी त्यांच्या छापील पुस्तकात तोच आलेख होता. मी ते पुस्तक डॉक्टरबाईंच्या टेबलावर पाहिलं. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. आत ताराबाईंचाही फोटो होता, दसरीच्या दंडाला पट्टी लावताना. त्याखाली लिहिलं होतं, 'विश्वासाचं माप'. मी माझ्या मुलांना आयुष्यात कधी वस्तू फेकू दिली नाही, पण ते पुस्तक मी भिंतीवर फेकून मारलं होतं. डॉक्टरबाईंनी ते उचललं आणि टेबलाच्या खणात टाकलं.

दसरी वाचली. तीन आठवडे दवाखान्यात होती. नंतर फ्रॉक न्यायला आली तेव्हा बाही दंडात अडकली. अब्बांनी ती तिथल्या तिथे उसवली आणि ढिली करून दिली. असं खूश होऊन त्यांनी दुसऱ्या कुणाचं काम दुरुस्त केलेलं मला आठवत नाही.

एक गाव मात्र राहिलं होतं. नाल्यापलीकडचं, पावसात तुटणारं. तिथली बाई बाजाराला आलीच नव्हती. पाणी ओसरल्यावर ताराबाई आणि मी सायकली घेऊन गेलो. नाल्यात सायकली डोक्यावर, पुढे मोहाच्या झाडांतून पायवाट. गावात शिरताना पहिल्याच घरापाशी ताराबाई एका बाईशी गोंडीत बोलू लागल्या आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. मला गोंडी थोडीच येते, पण 'सैनू' हे नाव मला कळलं. ते माझ्या शीटमध्ये होतं. जूनमध्ये पिवळं. जुलैमध्ये हिरवं, साडेबाराच्या जेमतेम वर, म्हणजे खऱ्या मापानं लाल. ऑगस्टमध्ये हिरवं.

सैनू गेल्याला बारा दिवस झाले होते. आधी हगवण लागली, मग दोन दिवस ताप. तो पट्टीमुळे गेला असं मी म्हणू शकत नाही. नंतर डॉक्टरबाईही म्हणाल्या की तसं सांगता येत नाही. पण माप खरं असतं तर तो जुलैतच दवाखान्यात असता, हे सांगता येतं. ते मी आजवर प्रत्येकाला सांगत आले आहे.

त्याची आई चैती. माझ्याच वयाची असेल, फार तर दोन वर्षांनी मोठी. ओसरीवर बसून सुपात धान पाखडत होती. ताराबाईंनी तिला गोंडीत समजावलं, बराच वेळ. मध्ये मध्ये ती माझ्याकडे बघायची. मी काढलेली पट्टी, हे ताराबाईंनी सांगितलं की नाही मला कळलं नाही, म्हणून मीच सांगितलं. मराठीत. "ती पट्टी मी काढली होती. नंतर ती चुकली आणि मी मोजली नाही."

ती उठली. आत गेली आणि पट्टी घेऊन आली. त्यांच्या गावच्या बाईनं पट्टी हिच्याकडेच ठेवली होती, घर मध्यावर म्हणून. मी नवी पट्टी पुढे केली आणि जुनीसाठी हात पसरला. नवी तिनं घेतली. जुनी दिली नाही.

"ते खोटी हाय वं," ताराबाई म्हणाल्या. "देऊन टाक."

"मालूम हाय," चैती म्हणाली. "मनूनच ठेवतो. कोणी विचारायले आलं त दाखवीन." मग ती माझ्याकडे वळली, पहिल्यांदा सरळ. "येतीन ना विचारायले?"

मी हो म्हटलं. एकोणीस वर्षांची होते, मला खरंच वाटत होतं की येतील. एवढं झालंय, कोणीतरी येईलच.

माझे केस आता कानांपाशी पांढरे झालेत. त्या गावाला पूल झाला. कामाच्या निमित्तानं मी तिथे पुष्कळदा जाते, चैतीच्या ओसरीवर चहा घेते. पट्टी तिच्या कपड्यांच्या पेटीत तळाशी आहे, रंग उडालेत पण रेघा वाचता येतात. पहिली काही वर्षं मी दिसले की ती विचारायची, "आला का कोणी?" आता ती विचारत नाही.